शेवळं उगवायच्या आत: रानभाजी गटाच्या स्थलांतराच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

ठरलं एकदाचं. सर, मावशी आणि मी असे तिघे अ‍ॅडमिन दीड तास फोनवर होतो. रानभाज्यांचा फेसबुकवरचा गट कंपनीच्या अंगणातून उचलायचा आणि आपल्या सर्व्हरवर न्यायचा. मुदत शेवळं बाजारात यायच्या आत, म्हणजे ५ जून धरून चालू.

कारण लिहून ठेवते, नाहीतर ऑगस्टमध्ये कुणी विचारलं तर मलाच आठवायचं नाही. गेल्या वर्षी मावशींनी ८ जूनला मुरबाडच्या बाजारातून शेवळांचा फोटो टाकला. मला तो दिसला २३ जूनला. शेवळं मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे. २३ तारखेला पिशवी घेऊन कुणी कुठे जायचं? मधल्या काळात मला काय दिसत होतं, तर 'ही भाजी खा, मधुमेह मुळासकट जातो' असली एक पोस्ट. आपल्या गटातली नव्हतीच ती, पण तिच्याखाली भांडण जुंपलं होतं म्हणून रोज वर येत होती. सदस्य एकतीस हजार आणि मावशींच्या फोटोवर प्रतिक्रिया नऊ.

सर फार उत्साहात नाहीत. "अगं, हे माझं तिसरं घर." ऑर्कुटवर त्यांचा वनस्पती ओळखायचा छोटा गट होता. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, त्याच्या थोडं आधी ते इकडे आले. आता या वयात पुन्हा बिऱ्हाड हलवायचं म्हणजे कंटाळा येणारच.

१३ एप्रिल, रविवार

जुन्या ठिकाणाहून 'तुमची माहिती उतरवून घ्या' केलं. चार तासांनी फाइल आली. त्यात माझ्या पोस्ट, माझे फोटो, माझ्या कमेंट. बाकीच्यांचं काहीच नाही.

नियम म्हणून ते बरोबरच आहे, दुसऱ्याचं लिखाण माझ्या फाइलमध्ये का यावं? पण आपला गट म्हणजे कमेंटच. पोस्ट असते एका ओळीची, 'ही कोणती भाजी?' आणि खाली शंभर लोक आपापल्या आजीचं सांगतात. माझ्या फाइलमध्ये नुसते प्रश्न आलेत.

१९ एप्रिल, शनिवार

आपल्या सर्व्हरवर समाजमाध्यम चालवायला सॉफ्टवेअर कोणतं, यावर आठवडा गेला. लेमी पाहिलं. तिथे विषयवार चावड्या असतात आणि मतांनुसार पोस्ट वर-खाली होतात. ते मत देणंच नको होतं. गोटूसोशल फार हलकं, जुन्या लॅपटॉपवरही चालेल, पण त्याला स्वतःचा दर्शनी भाग नाही, वेगळं अ‍ॅप लागतं. शेवटी मॅस्टोडॉन. कारणं दोन: पोस्ट काळाच्या क्रमाने दिसतात आणि मेनू थोडाफार मराठीत आहे. (थोडाफारच. निम्मा मेनू मराठीत, निम्मा इंग्रजीत, आपल्या बोलण्यासारखा.)

मॅस्टोडॉनवर माझं खातं आहे नोव्हेंबर २०१९पासून. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा भारतातून मोठी लाट तिकडे गेली होती, तिच्यात मीही. पंधरा दिवस सगळे एकमेकांना 'तुम्हीही इथे?' विचारत राहिले आणि मग एकेक करून परत गेले. मीसुद्धा. २७ ऑक्टोबर २०२२ला मस्कने ट्विटर ताब्यात घेतल्यावर दुसरी लाट आली, तेव्हा पासवर्ड शोधून पुन्हा आत गेले. तो अनुभव विसरायचा नाही. लोक रागाने येतात, पण राहायला त्यांना काम लागतं. आपल्याकडे काम आहे, ते दर पावसाळ्यात उगवतं.

सरांना समजावताना मोबाइल पोर्टेबिलिटीचं उदाहरण चाललं. सिम कोणत्याही कंपनीचं असो, फोन लागतो. इथेही सर्व्हर कुणाचाही असो, अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाची सामायिक बोली आहे, २०१८च्या जानेवारीत तिला वेबची मानकं ठरवणाऱ्या वेब कन्सॉर्टियमची मान्यता मिळाली. आपला सर्व्हर पोस्ट दुसऱ्या सर्व्हरच्या टपालपेटीत नेऊन टाकतो. आवडलं नाही तर खातं उचलून दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं, अनुयायी मागोमाग येतात. "आणि जुन्या पोस्ट?" त्या मात्र येत नाहीत. "मग नंबर पोर्ट केला, पण मेसेज गेले," सर म्हणाले. अगदी तसंच.

२६ एप्रिल, शनिवार

डोमेनचं नाव. हे घाईत करायचं नाही, कारण मॅस्टोडॉनमध्ये एकदा नाव ठरलं आणि बाहेरच्या सर्व्हरांशी बोलणं सुरू झालं की ते बदलता येत नाही. बदललं तर बाहेरच्यांच्या दृष्टीने सगळी खाती अनोळखी होतात.

मावशींना नाव देवनागरीतच हवं होतं. 'डॉट भारत' २०१४पासून मिळतं, मलाही मोह झाला. पण चाचणीत काही अ‍ॅप त्याचं जे रोमन अक्षरांचं कडबोळं करून दाखवतात ते पाहून मावशीच म्हणाल्या, "हे तर औषधाच्या बाटलीवरचं वाटतं." रोमन नाव घेतलं, सात अक्षरी.

१ मे, गुरुवार

सुट्टी होती, सत्कारणी लावली. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर, ४ जीबी मेमरी, ८० जीबी डिस्क, महिना साधारण दोन हजार. सकाळी नऊला बसले, संध्याकाळी सहाला पहिली पोस्ट गेली. पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस, साइडकिक (मागची कामं रांगेने उरकणारं), एंजिनएक्स, सगळं कागदोपत्री सांगितल्याप्रमाणे बसलं. असं कधी होत नाही, म्हणून जरा धास्तीच वाटते.

एका पोस्टला ५०० अक्षरांची मर्यादा आहे आणि ती सेटिंगमध्ये नाही, कोडातच रुतलेली आहे. ५०० अक्षरांत भारंगीची भाजी चिरूनसुद्धा होत नाही. कोड बदलून २,००० केली. दर अपडेटला ही दुरुस्ती पुन्हा करावी लागणार, लक्षात ठेवायचं. सर्व पोस्टमधला मजकूर शोधायला इलास्टिकसर्च लागतं आणि ते एकटंच मेमरी खाऊन बसेल, म्हणून ते नाही. शोध फक्त हॅशटॅगवर. म्हणजे लोकांना भाजीच्या नावाचा हॅशटॅग लावायला शिकवायला हवं. आणि नाव तरी एक आहे का? फोडशीला कुणी कुलू म्हणतं, करटोलीला कंटोली, कर्टुलं. दोन्ही-तिन्ही लावा म्हणून सांगायचं.

४ मे, रविवार

मोठी अडचण निघाली आणि ती माझ्या डोक्यातही नव्हती. खातं उघडायला ईमेल लागतो.

पहिल्या पंधरा जणांना फोन करून बसवायला घेतलं, त्यातल्या अकरा जणांना स्वतःचा ईमेल माहीत नाही. आहे प्रत्येकाला, अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरला तो लागतोच. पण तो काढून दिला दुकानदाराने किंवा भाच्याने, आणि पासवर्ड त्याच्याकडे. आयुष्यभर सगळीकडे मोबाइल नंबर आणि ओटीपी. एका काकांनी ईमेल म्हणून मला आपला यूपीआय आयडी सांगितला. आत '@' होता, त्यांची काय चूक?

शिवाय आपला खात्री-ईमेल स्पॅममध्ये जातोय. नव्या डोमेनवर कुणाचा विश्वास बसत नाही. एसपीएफ, डीकेआयएम (ईमेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लावलं, थोडा फरक पडला. तोवर मी आतूनच एकेक खातं मंजूर करून देतेय.

एका दिवसात नऊ खाती. या वेगाने एकतीस हजार व्हायला साडेनऊ वर्षं लागतील.

१० मे, शनिवार

कायद्याचं वाचलं. २०२१च्या आयटी नियमांनुसार दुसऱ्यांचा मजकूर ठेवणारा कुणीही 'मध्यस्थ'. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा, तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत (ही २०२५मधली मुदत). ५० लाखांवर वापरकर्ते असले तर आणखी जबाबदाऱ्या आहेत. आपले आज ३४ आहेत. तक्रार निवारण अधिकारी मी. घरात सांगितलं तर सगळे हसले, म्हणे आता कुकरच्या शिट्टीची तक्रार लेखी देऊ.

नियमावली मात्र तिघांनी मनापासून लिहिली. फोटोवरून ओळखलेली भाजी ओळखीच्या माणसाला दाखवल्याशिवाय खायची नाही. औषधी दावे करायचे नाहीत. फोडशीची जागा सांगायची नाही, कारण सफेद मुसळीच्या नावाने तिची मुळं उपसून नेतात. फोटोतलं जागेचं टिपण मॅस्टोडॉन अपलोड करतानाच काढून टाकतो, तीन वेगळ्या फोनवरून तपासून पाहिलं. आणि एक गोष्ट ठळक लिहिली: खाजगी निरोप इथे कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारीला, म्हणजे मला, ते डेटाबेसमधून वाचता येतील. मी वाचणार नाही, पण तुम्हीही गुपितं लिहू नका. यावर सर म्हणाले, एवढं खरं कुणी लिहितं का? लिहिलं.

१८ मे, रविवार

थ्रेड्सशी जोडून घ्यायचं की नाही यावर वाद. फेसबुकवाल्या मेटाने गेल्या वर्षी आपल्या थ्रेड्सला टप्प्याटप्प्याने याच अ‍ॅक्टिव्हिटीपब बोलीत आणलंय. माझं म्हणणं, सोडलं तेच पुन्हा दारात नको. सर म्हणाले, "माझी पुतणी तिथेच आहे, तिला माझी पोस्ट दिसली तर तुझं काय जातं?" मतदान झालं आणि मी हरले. दार उघडं ठेवलंय.

मावशींना फोनवरून शिकवणं चालू आहे. 'बूस्ट' म्हणजे दुसऱ्याची पोस्ट आपल्या लोकांना दाखवणं, हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "दुधातलं?"

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मुंबईत मान्सून आज दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. माझं सगळं वेळापत्रक ५ जूनवर बांधलेलं, आणि शेवळांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मावशींचा दुपारी फोन: बाजारात टोपलीभर जुड्या बसल्यात.

खाती ६१.

२७ मे, मंगळवार

आणि आजच सर्व्हर झोपला.

चूक पूर्ण माझी. आपली जागा फार ओकीबोकी दिसते म्हणून शनिवारी एका मोठ्या रिलेला जोडून घेतलं होतं. रिले म्हणजे शेकडो सर्व्हरांच्या पोस्टचा पाट, तो आपल्याकडे वळवायचा. पोस्ट आल्या, आणि प्रत्येक पोस्टबरोबर तिचा फोटोही. मॅस्टोडॉन बाहेरच्या फोटोंची प्रत आपल्या डिस्कवर ठेवतो. तीन दिवसांत जगभरातल्या मांजरांनी माझे ८० जीबी भरले. पहाटे पोस्टग्रेसला लिहायला जागा उरली नाही आणि त्याने मान टाकली. सकाळी मावशींनी शेवळांचा फोटो चार वेळा टाकायचा प्रयत्न केला, मग नेहमीच्या सवयीने जुन्या ठिकाणी टाकला. मला फोन करून म्हणाल्या, "तुझं दुकान बंद आहे, म्हणून शेजारी मांडलं."

ऑफिसची मीटिंग म्यूट करून दुरुस्ती केली. रिले तोडला. बाहेरच्या फोटोंची मुदत सात दिवस ठेवली. डिस्क ७० टक्के भरली की मला मेसेज यावा अशी सोय केली, जी १ मेलाच करायला हवी होती.

१ जून, रविवार

मावशींनी आज पुन्हा फोटो टाकला, या वेळी गेला. जुडी सोडून शेवळं परातीत पसरलेली, शेजारी काकडं, म्हणजे शेवळांची खाज मारणारी आंबट फळं. माझं २०१९चं खातं मी याच सर्व्हरवर आणलंय, त्याचे अनुयायी मागोमाग आलेत, म्हणून मी ती पोस्ट बूस्ट केली.

रात्री नेदरलँड्समधल्या एका सर्व्हरवरून प्रश्न आला. विचारणारा बागकाम करणारा, भाषांतराचं बटण दाबून मराठी वाचणारा. जगातला तो माणसाहून उंच, सडक्या मांसासारखा वास मारणारा फुलोरा, टायटन अरम, याच कुळीतला. तुम्ही याचे भाऊबंद खाता? सरांनी उत्तर दिलं, अमोर्फोफॅलस कॉम्युटॅटस, सह्याद्रीतलं. पठ्ठ्याने आणखी तीन प्रश्न विचारले आणि सर रात्री साडेअकरापर्यंत जागे राहिले, ज्यांना हे तिसरं घर नको होतं ते. मावशींनी मराठीतच विचारलं, "तुमच्याकडचं खाजतं का?" त्यालाही उत्तर आलं: खाऊन पाहिलेलं नाही, धीर होत नाही.

आतला पिवळा भाग कसा काढायचा आणि काकडाचा रस कशाला लागतो, हे मावशींनी तिथेच लिहिलं. भाषांतरात काकडाची 'काकडी' झाली. दुरुस्त केलं, नाहीतर डच माणसाची जीभ आपल्या नावावर.

८ जून, रविवार

आजचा पूर्ण दिवस जुन्या कमेंटवर.

पद्धत अशी ठरली: उत्तम धागे निवडायचे, लिहिणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं आणि हो म्हणाले तरच नव्या जागी, त्यांच्या नावाने, उतरवायचं. यंत्राने ओरबाडायचं नाही. ते त्या कंपनीच्या अटींतही बसत नाही आणि आपल्याही. पहिला धागा २०१६चा, 'काकडं मिळाली नाहीत तर शेवळांचं काय करू?' १४२ कमेंट, लिहिणारे ६३. त्यातल्या ३८ जणांनी हो म्हटलं, तिघांनी नाही (एकीचं म्हणणं, तेव्हा मी नवऱ्याबद्दल काहीबाही लिहिलंय, ते राहू दे तिथेच), बाकीच्यांकडून उत्तर नाही. दोघं हयात नाहीत.

त्या दोघांपैकी एक कर्जतच्या आजी. पूर्ण धाग्यात त्यांच्या अकरा कमेंट आहेत, सगळ्या रात्री दहानंतरच्या, बहुधा नातवाच्या फोनवरून, विरामचिन्हं नाहीत. एक जशीच्या तशी माझ्या वहीत उतरवून घेतली होती: "काकडं नसली तर चिंचेचा कोळ घाल पण आधी शिजल्यावर घातलास तर जीभ तुझी मला बोलू नको". त्यांच्या मुलाचा नंबर मावशींनी मिळवला. मी फोन केला, काय विचारायचंय ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई कमेंट करायची?" त्याला माहीतच नव्हतं. अकराच्या अकरा त्याला वाचून दाखवल्या. परवानगी दिली, वर म्हणाला की आई सुकट घालून करायची, ते लिहिलंय का बघा. नव्हतं. ते त्याच्या नावाने खाली जोडलं.

एका धाग्याला नऊ तास. निवडलेले धागे ४० आहेत.

२२ जून, रविवार

फोटोखाली वर्णन लिहायची मॅस्टोडॉनवर रीतच आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. आपल्या लोकांना सुरुवातीला जाच वाटला. 'फोटो असताना परत काय लिहायचं?' पण गेल्या आठवड्यात गंमत झाली. रत्नागिरीकडच्या एका ताईंनी वर्णन लिहिलं: 'पानाची कड दातेरी, पानं समोरासमोर, देठ चौकोनी, कोवळा शेंडा जांभळट.' फोटो हललेला, धूसर होता. सरांनी नुसत्या वर्णनावरून भारंगी असावी म्हणून सांगितलं आणि फुलाचा फोटो मागितला. वर्णन लिहायचं म्हणून ताईंनी देठ बोटांत फिरवून पाहिला होता. आता नियमच केलाय: ओळख विचारायची तर कड, देठ, पानांची रचना शब्दांत लिहा.

एका अ‍ॅपमध्ये देवनागरी हॅशटॅग मात्रेपाशी तुटतो. 'टाकळा'चा टॅग 'ट' एवढाच. ते अ‍ॅप बनवणाऱ्यांना कळवलंय.

६ जुलै, रविवार

आषाढी. कुणीच फिरकलं नाही, आणि ते ठीक आहे. पोस्ट नाही म्हणून कुणाला 'तुम्ही बरेच दिवसांत आला नाहीत' असा निरोप गेला नाही. खाती १९८.

२० जुलै, रविवार

हिशेब. सर्व्हर, डोमेन, ईमेल सेवा मिळून एप्रिलपासून नऊ हजारांच्या आसपास. तिघांनी वाटून घेतले. वर्गणी काढायची का? सर नको म्हणतात, पैसे आले की मालक येतो. मावशी म्हणतात, फुकट दिलं की किंमत राहत नाही. मी या वर्षापुरती सरांच्या बाजूने.

पहिला त्रासदायक माणूस आला, बाहेरच्या सर्व्हरवरून. कातकरी बायका विकतात ते सगळं 'चोरीचं' म्हणून प्रत्येक फोटोखाली लिहीत होता. खातं बंद केलं, त्यांच्या सर्व्हरवाल्याला कळवलं. त्याने तासाभरात काढून टाकलं आणि दिलगिरीचा निरोप पाठवला. जुन्या ठिकाणी अशा तक्रारीला यंत्राचं उत्तर यायचं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

ऋषीपंचमी. वर्षातला आपला सर्वांत मोठा दिवस. बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून अळू, माठ, सुरण, शिराळं, भेंडी, परसातलं आणि रानातलं. सकाळी सहापासून फोटो. दुपारपर्यंत ८३ पोस्ट, साइडकिकची रांग क्षणभर लांबली आणि ओसरली. डिस्क ४१ टक्के. सुरण खाजू नये म्हणून काय, यावर तीन पिढ्यांचं भांडण, पण भांडण वर येऊन बसलं नाही, आपल्या वेळेच्या जागीच राहिलं.

खाती २८६, रोज येणारे सत्तरएक. जुना गट बंद केलेला नाही. वर नव्या जागेचा पत्ता टांगलाय आणि ज्यांना यायचं नाही त्यांचं तिथे बरं चाललंय. आज डोकावले तर सर्वांत वर कुणाची तरी १४ जूनची पोस्ट होती, 'शेवळं कुठे मिळतील?'

धागे उतरवून झाले सहा. चौतीस बाकी.

सर्व्हरच्या चाव्या, डोमेनचा पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या कागदावर लिहून पाकीट सरांच्या पुतणीकडे दिलं. मावशींचा पासवर्ड आज पाचव्यांदा बदलून दिला. या वेळी त्यांनी तो पंचांगाच्या मागे लिहिलाय.

शनिवारी करायचं: बॅकअप दुसऱ्या मशीनवर उलगडून बघणं. मेपासून रोज रात्री घेतेय, एकदाही उघडून पाहिलेला नाही.